परास्काच्या हातची शेवटची बादली

मायरनने तळघरातल्या फ्रीझरचं झाकण उघडलं, आत डोकावला, आणि क्षणभर त्याला वाटलं की आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या घरात शिरलो. सकाळी हा फ्रीझर आइस्क्रीमच्या जुन्या पांढऱ्या बादल्यांनी गच्च भरला होता. आता तळाशी एक गोठलेला मासा तेवढा पडला होता आणि तोही मायरनकडे ‘मला काय विचारतोस?’ अशा नजरेने बघत होता.

बादल्या गेल्याचं दुःख नव्हतं. त्या गावच्या हॉलच्याच होत्या. नोव्हा सेलो गावात दर ऑक्टोबरला हॉलमध्ये गावजेवण असतं. त्यासाठी बायका उन्हाळाभर एकत्र बसून पिरोग्या करून ठेवतात. पिठाच्या लाटीत बटाट्याचं नि कांद्याचं सारण भरायचं, कडा चिमटायच्या आणि गोठवून टाकायच्या. जेवणाच्या दिवशी उकळत्या पाण्यात सोडायच्या नि लोण्यात घोळवायच्या. हॉलचा फ्रीझर लहान, म्हणून बादल्या घरोघरी ठेवायला द्यायच्या ही जुनी रीत. मायरन एकटा राहणारा आणि त्याचा फ्रीझर मात्र सात पोरांच्या घराला पुरेल एवढा, त्यामुळे निम्मं गावजेवण त्याच्याच तळघरात मुक्कामाला असायचं.

पण त्यांतली एक बादली हॉलची नव्हती. ती आईची होती.

त्याची आई परास्का एप्रिलमध्ये गेली. अंत्यविधी आटोपल्यावर व्हँकुव्हरहून आलेली बहीण लेसिया स्वयंपाकघरात बसून म्हणाली होती, “आता कुणासाठी येऊ रे मी इथे?” तिने ते काही टोचून बोलायचं म्हणून म्हटलं नव्हतं, आणि म्हणूनच मायरनला ते जास्त लागलं. मग ती बर्फ आणायला तळघरात गेली आणि वर आली ती एक बादली पोटाशी धरून.

“आईने केलेल्या आहेत ह्या. शेवटच्या. हात लावू नकोस. जानेवारीत, आपल्या जुन्या पंचांगाच्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी येते मी. दोघं मिळून खाऊ.”

तेव्हापासून ती बादली म्हणजे बहीण घरी येणार याची एकुलती एक हमी होती. मायरनने ती जिवापाड जपली, फक्त तिच्यावर चिठ्ठी लावली नाही. घरात राहणारा तो एकटा. चिठ्ठी वाचणार कोण?

सकाळी तो जवसाच्या शेतात कापणीच्या यंत्रावर होता, तेव्हा हॉलचं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या स्टेफामावशीचा फोन आला होता.

“मायरन, तुझ्या दाराशी उभी आहे. बादल्या न्यायच्यात.”

“मग जा की आत. दार कधी लावलंय आपण? तळघरातल्या सगळ्या ने.”

“सगळ्या?”

“सगळ्या म्हणजे सगळ्या, मावशी! एक ठेवू नकोस मागे. मला हरणाच्या मटणाला जागा हवीय.”

इतकं स्वच्छ आणि निःसंदिग्ध तो आयुष्यात फार थोड्या वेळा बोलला होता.

मायरनने गाडी हॉलकडे पिटाळली. आत पहिली पंगत बसली होती. मागच्या स्वयंपाकघरात स्टेफामावशी आंघोळीच्या टबाएवढ्या पातेल्यासमोर झारा घेऊन उभी होती.

“मावशी, माझी बादली!”

“तुझी कुठली? सगळ्या हॉलच्या.”

“एक आईची होती. तिच्या हातची. शेवटची.”

स्टेफामावशीचा झारा हवेतच थांबला. मागे कोबी चिरणाऱ्या बायकांच्या सुऱ्याही थांबल्या.

“अरे देवा! मग चिठ्ठी का नाही लावलीस, मेल्या?”

“कुणासाठी लावणार? घरात मी एकटा!”

“माझ्यासाठी!” मावशी कळवळून ओरडली. “आता कुठून काढून देऊ? सगळ्या एकाच पातेल्यात गेल्या आणि निम्म्या ताटांत पोचल्यासुद्धा.”

मायरन पिठाच्या पोत्यावर बसला. “लेसिया येणार नाही आता,” तो म्हणाला. एवढा आडदांड गडी, पण आवाज पार खाली गेला होता.

मावशीने इकडेतिकडे बघितलं आणि त्याच्या कानाशी वाकली. “हे बघ, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. पण परास्काच्या पिरोग्या सापडणं अवघड नाही. तू फक्त हॉलमधून एक फेरी मार. लोकांच्या ताटांकडे बघ.”

“ताटांकडे?”

“जा तर खरं.”

मायरन बाहेर आला आणि बघू लागला. शाळेतल्या नेटीबाई एका पिरोगीला दोन्ही हातांनी सुरीने कापत होत्या आणि त्यांच्या कपाळावर घाम आला होता. पोस्टातला ऑरेस्ट काहीतरी चघळत कधीचा छताकडे बघत होता. एका बाईने आपली पिरोगी हळूच कोबीच्या कोशिंबिरीखाली सरकवली आणि वरून कोशिंबीर सारखी केली. ह्या आईच्याच, मायरनने ओळखलं. गेली कित्येक वर्षं तो आणि लेसिया जगाला सांगत आले होते की आमच्या आईच्या हातासारखी चव कुठे म्हणून मिळायची नाही. ते खरंच होतं, फक्त भलत्या अर्थाने.

त्याने एक रिकामं ताट उचललं आणि नेटीबाईंसमोर जाऊन उभा राहिला.

“बाई, ती एवढी पिरोगी खाणार आहात का?”

“छे रे, पोट अगदी तुडुंब भरलंय,” बाईंनी पिरोगी चटकन त्याच्या ताटात टाकली आणि शेजारच्या भांड्यातून दुसऱ्या मऊ पिरोग्या वाढून घेतल्या.

ऑरेस्टने तर आभार मानले. फादर इहोर आधी “कसली पिरोगी?” म्हणाले, मग मायरनचा चेहरा बघून त्यांनी झग्याच्या खिशातून रुमालात गुंडाळलेली एक निमूटपणे काढून दिली. “घरी जाऊन सावकाश खाणार होतो,” ते म्हणाले. देवाच्या माणसाने एवढं बोलणं म्हणजे खूपच झालं.

ताटात मूठभर पिरोग्या जमवून मायरन पुन्हा स्वयंपाकघरात गेला. “मावशी, आई इतकी वाईट करायची? आणि तुम्ही कुणी बोलला नाहीत?”

“काय बोलणार? तुम्ही लहान होता तेव्हा मी यायचे ना तुमच्याकडे. दिवसभर ती शाळेची बस चालवायची. संध्याकाळी तुम्हा दोघांना टेबलाशी बसवून पाढे म्हणायला लावायची आणि समोर उभी राहून पीठ मळायची. तुमचे पाढे पाठ होईपर्यंत तिचं मळणं थांबायचं नाही. इतकं मळल्यावर पीठ चिवट होणार नाही तर काय? मधे तुम्ही काही विचारलंत की मीठ पुन्हा एकदा घालायची. सवयच पडली हाताला. तुम्ही शिकून गेलात, तरी ती तशीच मळत राहिली.”

मायरनला ते टेबल दिसलं, त्यावरचं फुलांचं मेणकापड दिसलं, आणि कोपरापर्यंत पीठ लागलेली आई दिसली, चूक झाली की हातातला गोळा टेबलावर धाडकन आपटणारी. थकल्याचं ती कधी एका शब्दाने बोलली नव्हती. आपण लहानपणी किती सुखात जेवलो, हे त्याला आता त्या टणक पिरोग्यांकडे बघताना कळलं.

तो पुन्हा हॉलमध्ये आला. शेवटच्या टेबलाच्या कोपऱ्यात त्याच्या घरासमोर रस्त्यापलीकडे राहणारा वासिलकाका बसला होता. म्हातारा, लग्न न केलेला, कवळी लावणारा. त्याच्या ताटात आईच्या चार पिरोग्या होत्या.

“काका, ह्या खाणार आहात?”

“का? तुला काय करायचंय?” म्हाताऱ्याने ताट जवळ ओढलं.

“आईच्या आहेत हो त्या.”

“ठाऊक आहे. म्हणून तर तीनदा वाढून घेतलं, तेव्हा ह्या चार लागल्या. दरवर्षी शोधतो मी. यंदा काही मिळत नाहीत असं धरून आलो होतो. मिळाल्या. आता परत देणार नाही.”

“इतक्या आवडतात तुम्हाला?”

“आवडतात कसल्या! कवळी दोनदा बदलली मी ह्यांच्यापायी.” वासिलकाकाने आणखी एक तोंडात सारली. “पण बाकीच्यांच्या पिरोग्या कशा, टाकल्या तोंडात की गेल्या. जेवण झालं, उठा, घरी जा. घरी कोण आहे माझं? तुझ्या आईची एक घेऊन बसलं की कुणी उठवत नाही. जेवतोय म्हातारा, जेवू दे म्हणतात. तेवढ्यात कुणीतरी शेजारी येऊन टेकतं, चार शब्द बोलतं. तुझी आईच यायची बऱ्याचदा. फार उपकार आहेत रे तिचे.”

मायरन त्याच्या शेजारी टेकला, आपल्या ताटातली एक पिरोगी तोंडात टाकली आणि बहिणीला फोन लावला. धीर जाण्याआधी सांगून टाकलेलं बरं.

“लेसिया, आईची बादली गेली.” आणि त्याने सगळं सांगितलं, चघळत चघळत.

ती म्हणाली, “तुझ्या तोंडात काय आहे?”

“त्यातलीच एक. थोड्या वाचवल्यात.”

“कशी आहे? खरं सांग.”

“लेसिया, तू येणार ना जानेवारीत?”

“आधी सांग, कशी आहे?”

मायरनने डोळे मिटले. “चिवट.”

“आणि?”

“खारट.”

फोनमधून विचित्र आवाज आला. मायरनला वाटलं ती रडतेय. ती हसत होती. मग खरंच रडू लागली.

“मला वाटायचं, मला एकटीलाच तसं वाटतं! तू केवढं कौतुक करायचास चारचौघांत!”

“तू करायचीस म्हणून मी करायचो!”

“मग मी दातांची डॉक्टर उगाच झाले का?”

मग मायरनने तिला पाढ्यांचं सांगितलं. तिचं हसणं थांबलं. “बघ,” ती हळूच म्हणाली, “आपल्याला वाढवायच्या नादात बिचारीच्या हाताची चव गेली.” नाक ओढून झाल्यावर तिचा आवाज पुन्हा डॉक्टरचा झाला. “मी येतेय. पिरोग्या मी करते.”

“तुला येतात?”

“शिकेन. आईच्या हातचं खाऊन वाढलेय, आता कशाला घाबरू?”

आणि ती खरंच शिकली. स्टेफामावशीला फोन करकरून तिने पिठाचा गोळा कसा अलगद हाताळायचा, मीठ किती नि कधी, सगळं विचारून घेतलं. जानेवारीत ती आली. वासिलकाकालाही मुद्दाम बोलावलं. रीतीप्रमाणे गेलेल्या माणसाचं एक ताट मांडलं, मेणबत्ती लावली, बाकीचे पदार्थ झाले आणि शेवटी लेसियाने वाफाळत्या पिरोग्या आणून ठेवल्या.

कड मऊ, सारण नेमकं, मीठ बेताचं. मायरनने एक तोंडात टाकली आणि ती विरघळली. दुसरी विरघळली. बघता बघता भांडं रिकामं झालं आणि तिघं एकमेकांकडे बघत बसले.

“कशा झाल्यात, काका?” लेसियाने विचारलं.

“झकास, पोरी. अशी पिरोगी मी जन्मात खाल्ली नाही.” वासिलकाकाने रिकाम्या ताटाकडे बघितलं, मग दाराशी टांगलेल्या आपल्या कोटाकडे. “पण... झालंच की जेवण.”

तो उठायला लागला. लेसियाचा चेहरा उतरला. आणि मग तिने काकाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला परत खाली बसवलं.

“चुकलं माझं, काका. पुढच्या वर्षी नीट बिघडवते.”

“पुढच्या वर्षी?” मायरन म्हणाला.

“मग? एका खेपेत कसं जमेल? आईला किती वर्षं लागली!”

मायरन उठला आणि त्या दोघांकडे पाठ करून त्याने चहाचं आधण ठेवलं, चांगलं मोठं.