तात्यांनी झोपवलेलं शिवार

आमच्या वस्तीवर तात्यांच्या हाती काडेपेटी देणं म्हणजे ती गमावणं. कुणी विडी काढलेली दिसली, की तात्या गोड आवाजात विचारणार, "काडेपेटी हाय काय रं गड्या?" आणि मिळाली की ती सरळ स्वतःच्या खिशात. तात्या स्वतः विडी ओढत नाहीत. शेवटी लोकांनी लायटर घेतले, तर तात्या तेही मागायला लागले.

तात्या फौजेतून निवृत्त होऊन कडेगावजवळच्या आमच्या वस्तीवर राहायला आले. इथं लढायला शत्रू नव्हता, म्हणून त्यांनी तो शोधून काढला असावा, असं माझं मत आहे. ऊस तुटून गेला की रानात वाळक्या पाल्याचा थर उरतो, त्याला आम्ही पाचट म्हणतो. त्याला काडी लावायची आमच्याकडे रीत आहे. संध्याकाळी पेटवलं की सकाळी रान मोकळं. तात्यांचं म्हणणं, ते सरीत दाबून ठेवावं आणि कुजू द्यावं. पण 'कुजवा' हा शब्द त्यांच्या तोंडी नाही. ते म्हणतात, "पेटवू नगा. झोपवा."

कुठं धूर दिसला की तात्या फवारणीचा पंप पाण्यानं भरून पाठीला अडकवायचे आणि सायकल दामटायचे. त्या पाण्यात चूलसुद्धा विझली नसती. पण आग विझो न विझो, पेटवणाऱ्याला ते बोलून बोलून घायकुतीला आणायचे. "वरीसभर हवेतला कार्बन उसानं गोळा केला, आनि तू एका काडीत हवेला परत दिलास? मग ऊन वाढलं, पाऊस चुकला म्हणून बोंबलायचं न्हाई!"

माझं विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी भरायचं, म्हणजे वाइंडिंगचं, दुकान आहे. तिथं येऊन ते हेच तासभर ऐकवायचे. एकदा मी वैतागलो. "तात्या, साऱ्या जगाचं ऊन तुमच्या एकट्याच्या डोक्यावर पडतंय काय?"

तात्यांनी स्टूल ओढलं. मग म्हणाले, "जगाचं ऱ्हाऊ दे. तुझ्या काकीला धुरात श्वास घेता येत न्हाई."

मिरजेच्या डॉक्टरांनी काकींना बजावलं होतं, तोडणीच्या हंगामात गावात राहायचं नाही. म्हणून दिवाळी झाली की त्या साताऱ्याला लेकीकडे जायच्या आणि गुढीपाडव्याला परतायच्या. आम्हाला वाटायचं, तात्यांच्या भाषणांना कंटाळून जातात. "फौजेत हुतो तवा ती हितं आनि मी तिकडं," तात्या म्हणाले. "आता मी हितं आनि ती तिकडं. संसार कवा करायचा गड्या?"

ते ऐकून मला माझीच लाज वाटली. त्या दिवसापासून मी माझी काडेपेटी न मागता देऊ लागलो.

यंदा तात्यांनी हंगामाआधीच प्रत्येकाच्या दारात जाऊन त्याला मारुतीची शपथ घ्यायला लावली, पाचट पेटवणार नाही म्हणून. ज्याला सरीत पाचट दाबायचा कंटाळा, त्याच्या रानात ते स्वतः उतरले. आणि काय सांगावं, लोकांनी ऐकलं! ओढ्यापर्यंतचं सगळं शिवार पाचट पांघरून पडलं. वस्तीवरून धुराची एक रेघ उठली नाही. काकी संक्रांतीला घरी येणार असं ठरलं. तात्यांनी स्वयंपाकघराला चुना दिला, चूल मोडून गॅसची शेगडी आणली आणि तिळाचे लाडू करायला घेतले. ते दातांनी फुटेनात, दगडानं फोडावे लागले.

भोगीच्या आदल्या दिवशी दुपारी बापूनं आग लावली. बापू म्हणजे तात्यांचा सर्वांत आज्ञाधारक शिपाई. त्यानं फक्त बांधावरचं वाळकं गवत पेटवलं, तेही दरवर्षीप्रमाणे. वारा सुटला आणि ठिणगी पाचटात पडली. एरवी आग कुणाच्या तरी आधीच जळलेल्या रानापाशी थांबायची. यंदा उघडी जमीनच कुठं नव्हती. आग ओढ्यापर्यंत सरळ धावत गेली आणि आभाळ काळं झालं. तात्या पाठीवर पंप घेऊन तिच्या मागं पळत होते. मी त्यांना धरून मागं ओढलं, तर म्हातारा माझ्याच अंगावर धावला.

"म्या पाचट न्हाई पेटवलं तात्या," बापू रडकुंडीला आला होता. "शपथ मोडली न्हाई. बांध पेटवला."

तात्यांनी पाठीवरचा पंप उतरवला. "व्हय रं. बांधाचं बोलायचं ऱ्हाऊनच गेलं."

तसं कुणाचं काही गेलं नाही. ऊस तुटलेलाच होता, उरलेल्या बुडख्यांतून खोडवा पुन्हा फुटणारच होता. दरवर्षी पेटवायचं ते यंदा आपोआप पेटलं, असं म्हणून माणसं पाय धुवून जेवायला गेली. मला त्यांचा राग आला. पण त्यांचं तरी काय चुकत होतं?

मी तात्यांबरोबर घरी गेलो. नव्या चुन्याच्या भिंतींवर काजळी बसली होती. त्यांनी साताऱ्याला फोन लावला. तोफखान्यानं कान गेलेले, त्यामुळे त्यांचा फोन सगळ्या घराला ऐकू येतो.

"उद्या निघू नगंस," ते म्हणाले. "हितं धुकं लय पडलंय. तुला सोसायचं न्हाई."

"धुकं?" पलीकडून काकींनी विचारलं.

"पाडव्याला ये," तात्या म्हणाले. "लाडू ठेवतो. न्हाईतरी ते लवकर खराब व्हणार न्हाईत."

"बरं," काकी म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आवं, डोळं चोळू नगा. गार पाण्यानं धुवा. आनि दारं-खिडक्या लावून झोपा आज."

तात्यांनी डोळ्यांवरचा हात खाली घेतला.