भिंगरीची चाल निरीक्षणाखाली

मूल ठणठणीत असणं ही पालकांच्या आयुष्यातली अत्यंत अवघड अवस्था असून तिच्याकडे समाजानं आजवर अक्षम्य दुर्लक्ष केलेलं आहे. मूल आजारी असलं की पालकांना सहानुभूती मिळते, सल्ले मिळतात, कामावरून अर्ध्या दिवसाची रजा मिळते. ठणठणीत मुलाच्या पालकांना काय मिळतं? 'तुमचं बरंय बाबा!' एवढं एक वाक्य, आणि तेसुद्धा तोंड वाकडं करून.

आमची मुलगी चार वर्षं दोन महिन्यांची आहे. तिला घरात भिंगरी म्हणतात, कारण ती चालत नाही. (घाबरू नका. पळते.) स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत यायला मला आठ पावलं लागतात, ती चार उड्यांत येते. जिन्याच्या शेवटच्या पायरीला तिचा पाय कधी लागलेलाच नाही, ती पायरी हवेतूनच पार होते. भूक लागली की जेवते, झोप आली की झोपते, पडली की रडते आणि रडून झालं की पुन्हा पडायला जाते. आता अशा मुलीबद्दल चारचौघांत सांगण्यासारखं बापाजवळ काय उरतं?

हा प्रश्न ऐरणीवर आला तो बालवाडीच्या बाकावर.

बालवाडी साडेबाराला सुटते. बारा-दहापासूनच फाटकाबाहेर पत्र्याच्या छपराखाली पालक जमतात. तिथे एक लांब बाक आहे. त्यावर सहा माणसं मावतात, बाकीचे उभे. बाकावर कोणी बसायचं याचा लेखी नियम कुठेही नाही, म्हणूनच तो काटेकोर पाळला जातो. भिंतीकडच्या टोकाला पाठ टेकता येते, तिथे 'भूक-लागत-नाही'च्या आई बसतात. त्यांच्याकडे दोन फाइली आहेत. शेजारी 'सपाट तळव्यां'चे बाबा. मग वारंवार सर्दी होणाऱ्या जुळ्यांची आजी. (सर्दी एकच, पण नाकं दोन असल्यानं त्यांना दीड जागा.) त्यानंतर 'उंची-दोन-सेंटिमीटर-कमी' हे जोडपं. मी उभा असायचो.

उभ्यांमध्ये आणखी एक बाई असायच्या. त्या शिवणकामाच्या कारखान्यातून धावतपळत यायच्या आणि थेट फाटकाशी जाऊन थांबायच्या. त्यांच्या मुलीचे दोन्ही पाय जन्मापासून अधू असून तिला गुडघ्यापर्यंत पट्ट्यांचे बूट आहेत. पण त्याबद्दल त्या चकार शब्द काढत नसल्यानं त्यांना बाकावर जागा मिळालेली नव्हती. एकदा त्या मला म्हणाल्या, "किती छान पळते हो तुमची!" मला जरा अपमानच वाटला.

पहिल्याच आठवड्यात जुळ्यांच्या आजींनी मला विचारलं, "तुमच्या मुलीचं काय?"

"काही नाही."

"काहीच नाही?" बाकावरच्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मग सपाट तळव्यांचे बाबा समजुतीच्या सुरात म्हणाले, "अहो, अजून नीट दाखवलं नसेल तुम्ही."

हे मला पटलं, कारण माझा धंदाच तो आहे. बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात मी तपासनीस आहे. दर हजारी तीन झाकणं सदोष निघाली पाहिजेत, असा आमच्याकडे अनुभव आहे. एकही निघालं नाही, तर झाकणं चांगली होती असं आम्ही समजत नाही. तपासणारा डुलक्या काढत होता, असं समजतो. चार वर्षं दोन महिने मी घरात डुलक्याच काढत होतो म्हणायचं!

येत्या रविवारी घरगुती पाहणी करण्याचं ठरलं. बायकोनं कोरी फाइल आणून ठेवली. पाहणीचे निष्कर्ष असे:

एका पायावर लंगडी: अपेक्षित उड्या पाच. प्रत्यक्षात एकतीस. (त्यानंतर मोजणारा दमला.)

दात: वीस. दुसऱ्यांदा मोजताना निरीक्षकाचं बोट चावलं गेलं, सबब जबड्याची ताकद समाधानकारक.

कान: 'औषध' हा शब्द बंद दाराआडून ऐकू येतो. 'खेळणी आवर' हे शब्द शेजारी उभं राहून सांगितले तरी ऐकू येत नाहीत. (आशेला जागा. पण डॉक्टरांनी हे लक्षण मान्य केलं नाही.)

मग डॉक्टर सुरू झाले. गल्लीतल्या डॉक्टरांकडे आम्ही एक तास दहा मिनिटं थांबलो. भिंगरीनं त्यांच्या तपासायच्या टेबलावरून खाली उडी मारली आणि ते म्हणाले, "झाली तपासणी. पळू द्या पोरीला." एवढे शिकलेले गृहस्थ, पण आम्हाला हात हलवत परत पाठवताना त्यांना काहीच वाटलं नाही. दुसऱ्यांनी यंत्रात घालून पाहिलं, तर यंत्रच बिघडलेलं निघालं. (सगळं उत्तम दाखवत होतं.) तिसऱ्यांनी आणि चौथ्यांनी मलाच रक्तदाब तपासून घ्यायला सांगितलं.

माझी आई म्हणाली, "अरे, पोरीला काय धाड भरलीय? कशाला खाजवून खरूज काढतोस?" आईला तपासणीच्या कामाचा अनुभव नसल्यानं तिचं म्हणणं नोंदीत घेतलं नाही.

पाचवे डॉक्टर मात्र जाणते निघाले. त्यांच्याकडे चालायची वेगळी लांबलचक खोली होती. तिथे भिंगरीला अकरा वेळा चालवलं. (पहिल्या सात खेपा पळाल्यामुळे बाद.) मग त्यांनी कागदावर लिहून दिलं: 'चालताना डाव्या पायाचा अंगठा किंचित आत वळतो. वयाप्रमाणे सर्वसाधारण. उपचाराची गरज नाही.' वाक्यं तीन होती. पहिलं वाचूनच बायकोनं फाइलवर तारीख घातली. दुसरं आणि तिसरं वाचायचं राहून गेलं, कारण बालवाडी सुटायच्या आत बाक गाठायचा होता.

बाकावर मी कागद दाखवला. तो टोकापर्यंत फिरून परत आला. सपाट तळव्यांचे बाबा थोडे सरकले. मी बसलो. त्या दिवसापासून मी 'डावा अंगठा'.

आता जबाबदारी वाढली. घरात फरशीवर खडूनं सरळ रेघ आखली. 'टाच, अंगठा, सरळ' अशी घोषणा तयार केली. पळण्यामुळे निरीक्षणात अडथळा येतो म्हणून पळणं पुढील आदेशापर्यंत स्थगित ठेवलं. जो कोणी घरी येईल त्याच्यापुढे, "बाळा, जरा चालून दाखव बघू." रोज सरासरी चौदा प्रात्यक्षिकं व्हायची, रविवारी सव्वीस. मामा, मावशी, वरच्या मजल्यावरचे काका, सगळ्यांनी जमिनीला डोळे लावून अंगठा पाहिला. नळ दुरुस्त करायला आलेला माणूससुद्धा पाना बाजूला ठेवून म्हणाला, "हो साहेब, आत आहे खरा." नळ अजून गळतो, पण माणूस पारखी होता.

तीन आठवड्यांत फरक दिसू लागला. भिंगरी खाली मान घालून, स्वतःच्या पायांकडे बघत चालायला लागली. चालता चालता ओठ हलायचे, 'टाच, अंगठा, सरळ.' जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ती आता बसायची आणि घसरून उतरायची. सपाट फरशीवर दोनदा पडली. पडल्यावर रडली नाही, आधी अंगठा सरळ केला.

मी हे सगळं बाकावर सविस्तर सांगितलं. भूक-लागत-नाहीच्या आई हळहळल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही इकडे बसा, पाठ टेकून." हा सन्मान तिथे कोणाला दोन वर्षांच्या आत मिळालेला नाही. मी पाठ टेकली. पण खरं सांगतो, आनंद झाला नाही. नजर सारखी फाटकाकडे जात होती.

परवा बालवाडी सुटली. आधी नेहमीसारखी पोरांची झुंबड बाहेर आली. त्यात ती पट्ट्यांच्या बुटांची मुलगी होती, खटखट वाजत, वाकडीतिकडी, पण पळतच. आईच्या अंगावर जाऊन आदळली. मग बराच वेळ कोणी आलं नाही. अंगण रिकामं झाल्यावर सगळ्यांत शेवटी आमची भिंगरी आली. पाऊल टाकायची, थांबायची, बघायची, पुढचं टाकायची.

शिवणकामवाल्या बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. "अहो, हिच्या पायाला काय झालं?" त्यांचा चेहरा उतरला होता. इतक्या दिवसांत खऱ्या काळजीनं विचारलेला तो पहिला प्रश्न होता. मी फाइल उघडून कागद त्यांच्या हातात दिला. त्यांना असले कागद वाचायची सवय असावी. त्यांनी तिन्ही वाक्यं वाचली. शांतपणे कागदाची घडी घालून मला परत दिली आणि म्हणाल्या, "खाली लिहिलंय ते वाचा एकदा." आपल्या मुलीचा हात धरून त्या निघून गेल्या. मी वाचलं. उभं राहून वाचलं.

तेवढ्यात भिंगरी माझ्यापर्यंत पोचली. तिचं कपाळ घामानं भिजलं होतं. "बाबा, आज मी एकदापण पळाले नाही," ती म्हणाली. "आता मी बरी झाले?"

मी तिच्या पाठीवरचं दप्तर काढून घेतलं आणि कसंबसं म्हणालो, "झालीस. जा, त्या कोपऱ्यापर्यंत पळ बघू."

ती वळली. पायांकडे पाहिलं. मग वर माझ्याकडे पाहिलं.

"आधी कुठला पाय टाकायचा?"

मला सांगता आलं नाही. तुम्हाला येतंय का बघा. आणि आमच्या पोरीसाठी हळहळण्याआधी एक कबूल करा. डाव्या अंगठ्याचा विषय निघाल्यापासून तुमचं अर्धं लक्ष आतल्या खोलीत खेळणाऱ्या तुमच्या लेकराच्या पायांकडे आहे. लाजू नका, पालकांचं मन आहे ते. मारा हाक. म्हणा, "सोन्या, इकडे ये, जरा चालून दाखव बघू."