बेचाळीसचा खंड

गावच्या नव्या कमानीला आजोबांचं नाव द्यायचं तर पुरावा आणा, असं ग्रामसभेनं सांगितलं, आणि उकंडराव जन्मात पहिल्यांदा तालुक्याच्या सरकारी ग्रंथालयाची पायरी चढले. बेचाळीस साली आजोबांनी जऊळक्याजवळ इंग्रजांची गाडी अडवली, ही गोष्ट त्यांनी बारशापासून तेरवीपर्यंत प्रत्येक पंगतीत वाढली होती. जेवत्या माणसांनी पुरावा कधी मागितला नव्हता.

ग्रंथपाल योगिनी मॅडमनी जुन्या वर्तमानपत्रांचा जाडजूड खंड काढून दिला. "घरी नेता येत नाही काका. इथंच बसून वाचा."

दुपारी बातमी सापडली. गाडी अडली होती, हे खरं. आजोबांचं नाव छापलं होतं, तेही खरं. फक्त गाडी म्हशीनं अडवली होती. ती रुळांवर बसली ती उठेना, आणि पोलीस आल्यावर आजोबांनी ही म्हैस आपली नव्हेच, असं सांगितलं होतं.

उकंडरावांनी पानावर तळहात ठेवला. तेवढ्यात शाळेचे धनराज सर आले. "मॅडम, नववीच्या पोरायले बेचाळीसचं आंदोलन दाखवाचं हाये. तो खंड द्या."

"काका वाचून राह्यले ना. उद्या या."

उद्या उकंडराव कुलूप उघडायच्या आधी हजर होते. परवाही होते. वाचकानं स्वतःहून परत केल्याशिवाय खंड दुसऱ्याला देत नाहीत, हा नियम त्यांना फार आवडला.

"शेंगा फुटून राह्यल्या वावरात, अन् तुमी पेपर वाचता?" रंगूबाईनं नवऱ्याला विचारलं.

"अभ्यास सुरू हाये."

"बेचाळीसच्या पेपरात सोयाबीनचा भाव येते काय?"

योगिनी मॅडमचा मात्र ऊर भरून येत होता. त्यांच्याकडे लोक स्पर्धा परीक्षेच्या गाईडांसाठी येत, नाहीतर पंख्यासाठी. ऐन सुगीत इतिहासाचं एकच पान महिनाभर वाचणारा शेतकरी त्यांनी पाहिला नव्हता. त्यांनी वर कळवलं.

वर्धापनदिनी उकंडरावांना आदर्श वाचक म्हणून शाल-नारळ मिळाला. सरपंच हरिसिंग, अर्धा गाव, अख्खी नववी, सगळे आले होते. खंड कपाटात बंद होता, त्यामुळे उकंडरावांनी शाल निवांत पांघरली.

"काकांनी एवढं काय वाचलं, ते पोरांनाही कळलं पाहिजे," मॅडम म्हणाल्या. "आपला खंड काही मोकळा होईना. पण मुंबईच्या राज्य ग्रंथालयात दुसरी प्रत असते. त्यांनी काकांचंच पान मोठं करून पाठवलं."

पडदा सरकला. पान दाराएवढं होतं. नववीनं ते एका सुरात वाचलं, अगदी शेवटपर्यंत.

हरिसिंगांनी घसा साफ केला. "म्हंजे गाडी म्हशीनं अडवली. पण म्हैस कोनाची? तुमचा आजा तं नाही म्हने."

उकंडराव शालीत घामाघूम झाले. नाही म्हणावं तर आजोबा सुटत होते, पण कमान जात होती.

"आमचीच होती," ते म्हणाले.

"तिच्याच वंशाची हाये आता गोठ्यात," रंगूबाई मागून बोलली. "बसली की उठत नाही."

पुरावा झाला, ठरावही झाला. कमानीवर आज सिमेंटची म्हैस ऐसपैस बसलेली आहे, आणि तिच्या पायाशी, मालक म्हणून, आजोबांचं नाव आहे.