मधोमध एक ठिपका

मला कुणी फसवू शकत नाही. निदान गिलमोर रस्त्यावरच्या कॉम्प्युटरच्या दुकानांत तरी नाही!

मॉनिटर एक, हक्कदार तीन. मला तो ऑफिसच्या कामासाठी हवा, बायकोला, नेनिताला, सिनेमे बघायला आणि मेहुण्याला, बोयेतला, खेळात गोळ्या झाडायला. घाई मात्र माझी. सोमवारी आमच्या मॅडम व्हिडिओवर माझी कामाची सोय बघणार होत्या. पसंत पडली तर घरून काम. नाहीतर पुन्हा मकातीतल्या ऑफिसपर्यंत खचाखच भरलेल्या जीपनी-बसला लोंबकळणं.

शनिवार. दुकानातल्या कुया देलफिनला, म्हणजे देलफिनदादाला, सहा खोकी उघडायला लावली. प्रत्येक पडदा पांढरा, काळा, लाल करून नाक टेकवून तपासला. सहावा निर्मळ निघाला. पण खरी बदमाशी पुढेच असते. तपासलेला मॉनिटर बांधायला आत नेतात, आणि बाहेर कुठला येतो ते देव जाणे! म्हणून मी पावतीवर सही करायला गेलो, तेव्हा नेनिताला पहाऱ्यावर ठेवलं.

रविवार. नेनिता चर्चला गेलेली. मी मॉनिटर लावला.

पडद्याच्या बरोब्बर मध्ये काळा ठिपका!

बदलला. चोरांनी बदललाच.

(पुसून का नाही बघितलं, असं तुम्ही विचाराल. पडद्याला बोट लावलं की दुकानदार म्हणतात, तुम्हीच बिघडवला. मी काय आज ओळखतो यांना?)

खोकं उचललं, गिलमोर गाठलं. देलफिननं डोळे बारीक करून बोट पुढे केलं, तसा मी त्याचा हातच धरला. त्यानं निमूटपणे दुसरा मॉनिटर दिला.

घरी आल्यावर नेनिता पडद्याच्या जवळ गेली, लांब गेली, मग तिनं चष्मा पुसला.

"अर्नेल, ठिपका कुठाय?"

"कुठला ठिपका?"

"मी केलेला. तू सहीला गेलास तेव्हा, मार्करनं. बदलला तर कळावं म्हणून. बघ, बदललाच मेल्यांनी!"

"मधोमध?"

"कोपऱ्यात केला असता तर तुला दिसला असता का?"

कुणी शहाणं जोडपं असतं तर त्यानं नवा ठेवून घेतला असता. पण नवा मी तपासला कुठे होता? शिवाय देलफिननं तो इतक्या निमूटपणे का दिला?

पुन्हा गिलमोर. देलफिननं जुना मॉनिटर काढला, कापसाचा बोळा घेतला.

"पुसून देऊ, सर?"

"हात लावू नका," आम्ही दोघंही म्हणालो. बदलून मिळायची मुदत सात दिवस. तोवर खूण हवीच.

सोमवार. मॅडम पडद्यावर आल्या. ठिपका नेमका त्यांच्या नाकावर. दहा मिनिटं मी कळ काढली. मग हात आपोआप उठला आणि त्यानं माशी हाकलली.

"अर्नेल, मला हाकलतोयस?"

मंगळवारपासून मी जीपनीत आहे. घरी बोयेत खेळतो. मधल्या ठिपक्यावरून नेम धरला की त्याची एक गोळी चुकत नाही म्हणे. सात दिवस केव्हाच उलटले, पण तो ठिपका पुसू देत नाही.

तुला मार्कर कुणी दिला होता, बोयेतनं का, असं मी नेनिताला तीनदा विचारलं. ती म्हणते, सिनेमा चालू आहे, मध्ये बोलू नकोस.