तीन पडदे आणि ताजा भाव

"भाव कुठून घ्यायचे ते मी ठरवतो!" भर बैठकीत ठामरावांनी टेबलावर अशी मूठ आपटली, की मालकीणबाईंचा चहा बशीत उतरला. ठामराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण एकदा ठरवलं की या गृहस्थाचं सिमेंट वाळायचं, म्हणून कचेरीनं ते बहाल केलेलं.

कंपनी परकीय चलनाचे सौदे करायची. गेल्या महिन्यात पडद्यावर शिळा भाव दिसला, त्यावर सौदा झाला आणि चांगलाच फटका बसला. आता ताजे भाव पुरवणारी भरवशाची सेवा हवी होती. तीन पुरवठादारांनी आपापली सेवा वापरून बघायला दिली होती. निवड चुकली, तर ठामरावांची खुर्ची थेट जिन्याखालच्या गोदामात जाणार होती!

कचेरीत कुणी एकचित्त होऊ देत नाही, म्हणून त्यांनी रजा टाकून परीक्षा घरीच मांडली. वायरी जोडता जोडता किती दिवस उगवले, किती मावळले, त्यांना कळलं नाही. अखेर जेवणाच्या टेबलावर तीन लॅपटॉप लागले. पहिल्यासमोर स्वतः, दुसऱ्यासमोर बायको, तिसऱ्यासमोर सासरे.

"भाव हलला की ओरडायचं!" ठामरावांनी हुकूम सोडला. "जो पडदा आधी हलेल, तो आपला!"

"अहो, माझी भाजी गॅसवर आहे."

"भाजी थांबेल. बाजार थांबत नाही!"

सासरे मात्र बाह्या सरसावून बसले. जन्मभर कुस्तीचे पंच! शिट्टी हरवली तरी सामना अडायचा नाही, असा आवाज.

"पडला!" ते गरजले. कपाटातल्या बश्या किणकिणल्या. "उठला! परत पडला! अरे, आपटला!"

ठामरावांचा पडदा ढिम्म. बायकोचाही.

"माझ्या पडद्यात काही जीव दिसत नाही," बायको म्हणाली.

"मेला!" ठामरावांनी दणक्यात निकाल दिला. "माझाही मेला! दोन्ही गेले!"

खालच्या मजल्यावर डॉक्टरीणबाई राहायच्या. वर आधी कुणीतरी पडलं, उठलं, आपटलं, आणि आता दोघं गेले! ओल्या केसांनीच बॅग उचलून त्या जिना चढल्या, दार ढकललं आणि लालबुंद चेहऱ्यानं हातवारे करणाऱ्या सासऱ्यांना धरून सोफ्यावर आडवं केलं.

"हलू नका, काका!"

"अगं, सोड! तो चढतोय तिकडे!"

"चढणारच! इतकं ओरडल्यावर रक्तदाब काय उतरेल?" त्यांनी दंडाला पट्टा आवळला. "आणि गेलेले दोघं कुठे आहेत?"

"टेबलावर," ठामराव पडद्यावरची नजर न हलवता म्हणाले. "आता झाकून टाकतो."

डॉक्टरीणबाई मटकन खुर्चीत बसल्या. बायकोनं त्यांना पाणी दिलं, सगळा प्रकार समजावला आणि धावत जाऊन करपलेली भाजी उतरवली. या गदारोळातही ठामरावांचं काम चालूच! 'तिसरी सेवा चपळ, जिवंत आणि शंभर टक्के भरवशाची. बाकीच्या दोन मृत.' अहवाल मालकीणबाईंना रवानासुद्धा झाला.

"झालं!" त्यांनी हात झटकले.

डॉक्टरीणबाई पट्टा गुंडाळत होत्या. "पण आज रविवार ना? माझा दवाखाना बंद म्हणून मी घरी सापडले. तुमचा बाजार चालू असतो?"

ठामरावांनी तिसऱ्या सेवेला फोन लावला.

"बाजार बंदच आहे, सर," पलीकडून गोड आवाज आला. "सुट्टीच्या दिवशी आम्ही सरावाचे आकडे दाखवतो. स्थिर पडदा बघून गिऱ्हाइकांना करमत नाही ना!"

"म्हणजे हे भाव...?"

"संगणक आपल्या मनानं काढतो, सर."

"पण आपटला मात्र झकास!" सासरे सोफ्यावरून म्हणाले.

ठामराव खचले नाहीत. उद्या बाजार उघडला की परीक्षा पुन्हा पहिल्यापासून! तसं कळवायला ते कळफलकावर वाकले, तोच मालकीणबाईंचं उत्तर येऊन थडकलं:

'अहवाल वाचला. सेवा मी बघते. तुम्ही आधी एक कॅलेंडर घ्या.'