खांबेटे आणि काळी यादी

सकाळी ऑफिसात आले की खांबेटे चपला काढून कॉम्प्युटरसमोर बसत आणि आमचा सर्व्हर कुठल्या काळ्या यादीत तर गेला नाही ना, ते बघत. एक नाही, वीस-पंचवीस याद्या. तोवर चहा नाही, नमस्कार नाही. घरात कुणी आजारी असावं तशी चौकशी.

लखनौच्या इंदिरा नगरात, मिठाईच्या दुकानावर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. दुकानांची, शाळांची, कारखान्यांची ईमेल आम्ही पाठवायचो. मराठी आम्ही दोघंच. ते मिरजेचे, मी नागपूरचा. सगळ्या गिऱ्हाइकांची पत्रं एकाच आयपी नंबरावरून जात. एकानं नको त्यांना पत्रं वाटली की तो नंबर बदनाम होऊन काळ्या यादीत जाई आणि सगळ्यांचीच पत्रं परत येत.

"एकत्र कुटुंब आहे हे," खांबेटे म्हणत. "एकानं शेण खाल्लं की सगळ्यांच्या तोंडाला वास."

न विचारता कुणाच्या दारात जायचं नाही, हा त्यांचा धर्म. मालकांच्या मुलीच्या लग्नालाही ते गेले नाहीत. पत्रिकेवर 'सहकुटुंब' लिहिलं होतं आणि हे एकटे. आमंत्रण आपल्याला नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं.

एकदा आमचे एक गिऱ्हाईक, कोचिंग क्लासवाले, आले. खिशातून सीडी काढून म्हणाले, "खांबेटेजी, पचास हज़ार ईमेल लाया हूँ। सबको भेज दीजिए।"

"इनसे पूछा था?"

"किनसे?"

"इन्हीं पचास हज़ार से."

ते गृहस्थ हसले. खांबेटे हसले नाहीत. सीडी परत देऊन त्यांनी वर पाणी विचारलं.

होळीच्या सुट्टीत त्या गृहस्थांनी स्वतःच्या पासवर्डनं ती सगळी पत्रं सोडून दिली. आम्ही परतलो तेव्हा नंबर चार याद्यांत होता. शाळेच्या सूचना परत, लखनवी चिकनच्या भरतकामाच्या कपड्यांचे व्यापारी होते त्यांची परदेशातली ऑर्डर अडकलेली. ते फोनवर नुसते म्हणत होते, "भाईसाहब, कुछ कीजिए, कारीगर बैठे हैं।"

खांबेटे दोन दिवस घरी गेले नाहीत म्हटलं तरी चालेल. क्लासवाल्यांचं खातं बंद केलं. यादीवाल्यांना माफीची पत्रं लिहिली, इतक्या नम्र इंग्रजीत की वाचताना मलाच संकोच वाटला. तिघांनी सोडलं. चौथ्याचा फॉर्म होता. त्यात लिहून द्यायचं होतं: आमच्याकडून बंद पडलेल्या एकाही पत्त्यावर पत्र जात नाही.

ते पत्ते शोधायचं काम माझ्याकडे आलं. चारशेच्या वर निघाले, सगळे काढले. एक उरला. त्यावर रोज सकाळी एक पत्र जात होतं आणि परत येत होतं. अकरा महिने. पाठवणारे खांबेटे.

मी त्यांना दाखवलं.

"आक्का," ते म्हणाले. "मोठी बहीण. आईमागे तिनंच मला वाढवलं. नवीन सर्व्हर लावला तेव्हा पहिलं पत्र तिला टाकलं, जातंय का बघायला. मग ते रोज सकाळचंच झालं. साठीत शिकली ईमेल. उत्तर यायचंच. 'पोचलं. जेवलास का?'"

"मग?"

"मागच्या चैत्रात गेली. थोड्या दिवसांनी तो पत्ताही बंद झाला."

"राहू दे की काका. एका पत्रानं कोण काळ्या यादीत टाकतंय?"

"फॉर्मवर सही माझी आहे." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तू काढ. माझ्या हातून होत नाही."

मी काढला. त्यांनी फॉर्म भरला, सही केली. दुसऱ्या दिवशी दुपारी नंबर सुटला, चिकनवाल्यांची ऑर्डर गेली, ते स्वतः खालच्या दुकानातून सगळ्यांसाठी मिठाई घेऊन वर आले. खांबेट्यांनी एक बर्फी कागदात बांधून खिशात ठेवली.

संध्याकाळी ते मला स्कूटरवरून अलीगंजला सोडायला आले. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. माझ्या फाटकाशी स्कूटर थांबवून म्हणाले, "पोचलास की कळव."

मी माझ्याच दारात उभा होतो. तरी वर गेलो, कुलूप उघडलं आणि त्यांना फोन लावला. ते अजून खालीच होते.

"काका, पोचलो. जेवलात का?"

"जेवतो," ते म्हणाले. फोन मात्र त्यांनी बराच वेळ ठेवला नाही.