खातेदार महामांत्रिक मयत झाल्याबाबत

मालकी हा माणसाला फार पूर्वी जडलेला आजार आहे, आणि त्यावरचं औषध आता कुठे बाजारात आलं आहे. औषध सोपं आहे. वस्तू विकत घ्यायचीच नाही. दर महिन्याला तिच्याकडे पाहण्याची परवानगी तेवढी घ्यायची. परवानगी संपली की वस्तू जाते, वस्तू गेली की काळजी जाते, आणि काळजी गेली की माणूस मोकळा होतो. जे संतांना जन्मभर सांगून जमलं नाही, ते एका कंपनीने एका ईमेलात करून दाखवलं.

मी विमा कंपनीत दावे तपासण्याच्या विभागात आहे. (तपासणे म्हणजे नाकारणे, पण पाटीवर ‘तपासणे’ बरं दिसतं.) त्यामुळे नियम, अटी आणि अटींच्या पोटातली बारीक अक्षरं यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. पुढची हकिकत मी त्या आदरापोटीच सांगतो आहे. तक्रार म्हणून ती कोणी वाचू नये.

रविवारी संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती चार मोठी माणसं एक खेळ खेळतात. त्यात एक जण सूत्रधार असतो. तो गोष्ट सांगतो : समोर खिंड आहे, खिंडीत अजगर आहे, बोला, काय करता? बाकीचे आपापलं पात्र धरून बोलतात, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. सूत्रधार मी. याशिवाय सगळ्यांना वेळोवेळी सल्ला देणारा एक सहाशे बारा वर्षांचा म्हातारा महामांत्रिकही मीच. (सल्ला कोणी ऐकत नाही. घरीही तेच चालतं, त्यामुळे वेगळा सराव लागला नाही.)

आमच्यातले दंतवैद्य दिवसभर “दुखणार नाही हं” म्हणत हळुवार हाताने दाढा काढतात. रविवारी ते कुऱ्हाडवाले योद्धे असतात आणि त्यांचा नेम चुकतो. ग्रंथपालबाई आठवडाभर ‘शांतता राखा’च्या पाटीखाली बसतात, रविवारी तिजोऱ्या फोडतात. आणि चौथे माझे सासरे, ज्यांना सगळेच नाना म्हणतात.

नाना खेळात बुटके आहेत. बुटक्याने खरं म्हणजे हातोडा घेऊन राक्षसांच्या नडग्या फोडायच्या असतात. पण पहिल्याच लढाईनंतर नानांनी लुटीतल्या आपल्या वाट्यातून पुलापलीकडे एक खानावळ काढली आणि हातोडा दाराला अडसर म्हणून लावला. “तुम्ही मारा राक्षस,” ते म्हणाले, “मी तुमच्या जेवणाचं बघतो.” त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या गोदामांच्या किल्ल्या सांभाळल्या. स्वतःची म्हणावी अशी जागा त्यांना मिळाली ती ही एवढीच. तबेल्यातला लंगडा घोडा, जिन्याची करकरणारी पायरी, कोपऱ्यातल्या टेबलावर येऊन रडणारा भालदार, सगळं त्यांनी एकेक करून वसवलं. पुढे ते घसरून पडले, कंबरेचं हाड गेलं, आणि आता ते आतल्या खोलीत पलंगावर असतात. रविवारी आम्ही मधलं दार उघडं ठेवतो. आम्ही ओरडतो, “नाना, आज गिऱ्हाईक काय म्हणतंय?” की ते छातीवरच्या ताटलीत फासा टाकतात आणि आतून आकडा येतो. आठवड्यात त्यांचा तेवढाच आवाज मोठा निघतो.

या सगळ्या जगाची नोंद, म्हणजे नकाशे, माणसं, कोण कुठे जखमी आहे ते, संगणकातला एक कार्यक्रम ठेवत असे. तो एकदा पैसे देऊन उतरवून घेतला होता. मग तो घरजावयासारखा पडून असे. काही मागत नसे, फक्त दोन हाका मारल्याशिवाय उठत नसे. ही परिस्थिती कंपनीला बघवली नाही. तिने कळवलं की उतरवून घेण्याची जुनाट पद्धत बंद करण्यात येत असून यापुढे आपले जग आमच्याकडे राहील व आपण सदस्य व्हाल. फायदे असे :

उतरवून घेण्याचा त्रास वाचेल. (तो आम्ही एकदाच घेतला होता, पण त्रास तो त्रास.)

आपले जग कोठूनही पाहता येईल. (आम्ही ते जेवणाच्या टेबलावरून पाहत होतो व इतर कोठे जाण्याचा आमचा विचार नव्हता.)

फासे कंपनी टाकेल.

एकच जग दोन ठिकाणी असणे गोंधळाचे असल्याने घरची प्रत आपोआप पुसली जाईल.

शंभरातल्या सत्त्याण्णव ग्राहकांनी या बदलाचं स्वागत केल्याचंही खाली छापलं होतं. (उरलेल्या तिघांनी अटी वाचल्या होत्या.)

बायको चहा घेऊन आली होती. ती खेळत नाही. खेळाला ती पोरखेळ म्हणते, आणि आम्हाला पोरंही म्हणत नाही. ती म्हणाली, “अहो, चाललंय ना नीट? मग हे विकतचं दुखणं कशाला?”

“विकतचं नाही,” मी म्हटलं, “भाड्याचं.”

सगळे हसले. मीही हसलो. माणसाची बुद्धी फिरते तेव्हा त्याला विनोद फार छान सुचतात.

आता आमच्या टेबलाचा एक रिवाज सांगायला हवा. खेळ सुरू असताना कोणी स्वतःचं खरं नाव, वय किंवा धंदा काढायचा नाही. जो काढेल त्याने सगळ्यांच्या कपबश्या विसळायच्या. बायकोसुद्धा त्या वेळात मला “महामांत्रिक, चहा घ्या, आणि चपला वाटेतून उचला” असं म्हणते. सदस्यत्वाचा अर्ज आम्ही खेळातच भरायला घेतला. पडद्यावर ‘खातेदाराचे नाव’ अशी चौकट आली. दंतवैद्य आणि ग्रंथपालबाई माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते, आणि मोरीत कपबश्यांचा ढीग पडला होता. मी लिहिलं : महामांत्रिक. आडनाव : उत्तरेचा. वय : ६१२. पत्ता : उत्तर मनोरा, धुक्याच्या खिंडीपलीकडे. व्यवसायाच्या यादीत मांत्रिक नव्हता, म्हणून ‘सल्लागार’ निवडलं. कंपनीने एकच शंका घेतली : आपण यंत्र तर नाही ना? सिग्नलचे दिवे असलेली चित्रं ओळखून दाखवल्यावर सहाशे बारा वर्षांचा माणूस तिला चालला. अटींखाली ‘मान्य’ होतं, ते मी दाबलं. मी! जो माणूस दुसऱ्यांच्या अर्जातला स्वल्पविराम धरून दावे परत पाठवतो, तो मी. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, मला तोही पुरला नाही.

काही आठवडे खरोखर छान गेले. मग खिंडीतला अजगर उठला.

पूर्वी मी फासा पुठ्ठ्याच्या आडोशामागे टाकत असे. फाशावर पडलेला आकडा आणि सूत्रधाराने सांगितलेला आकडा यांत थोडा फरक असतो. त्या फरकालाच आमच्या जगात देवाची कृपा म्हणतात. दंतवैद्यांच्या कुऱ्हाडीखालून किती तरी निरपराध माणसं मी याच कृपेने वाचवली होती. पण आता फासे कंपनी टाकत होती, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. दंतवैद्यांनी आवेशाने अजगरावर कुऱ्हाड फेकली. एक पडला. वीस बाजूंच्या फाशावर एक! कुऱ्हाड अजगराच्या कानाजवळून गेली आणि मागे सल्ला देत उभ्या असलेल्या महामांत्रिकाच्या टाळक्यात बसली.

“दुखलं नाही ना?” दंतवैद्य सवयीने म्हणाले.

पडदा काळा झाला. त्यावर लिहून आलं : ‘खातेदार महामांत्रिक उत्तरेचा मयत झाल्याचे निदर्शनास आले आहे. कंपनी आपल्या दुःखात सहभागी आहे. वारसाची निश्चिती होईपर्यंत खाते व त्यातील जग सील करण्यात येत आहे.’

मी कंपनीला लिहिलं की महामांत्रिक म्हणजे मीच आणि माझी तब्येत बरी आहे. उत्तर आलं : ‘आपण खातेदार असल्यास आपण मयत आहात, व मयताशी पत्रव्यवहार करण्याची तरतूद नाही. आपण जिवंत असल्यास आपण खातेदार नाही, व त्रयस्थाशी पत्रव्यवहार करण्याची तरतूद नाही.’ मी ते वाचलं आणि उभा राहिलो. वीस वर्षांच्या नोकरीत इतकं निर्दोष पत्र माझ्या हातून गेलेलं नाही. त्याची एक प्रत मी ऑफिसात टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे. सोबत त्यांनी मृत्यूचा दाखला मागितला होता, मयताच्या रहिवासाच्या ठिकाणच्या सक्षम अधिकाऱ्याचा. धुक्याच्या खिंडीपलीकडे सक्षम अधिकारी कोण, तर अजगर.

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण पुढच्या रविवारी आतून हाक आली, “काय रे, आज खानावळीचं विचारलं नाहीस?”

माझ्या तोंडून निघून गेलं, “पूल दुरुस्तीला बंद आहे, नाना.”

“कंत्राट कोणाला दिलंय?”

“निघायचंय अजून.”

“मग झालंच,” नाना म्हणाले. त्यानंतर दर रविवारी मी त्यांना पुलाची प्रगती सांगू लागलो : खांब तपासले, खांब नाकारले, खांबांची फेरतपासणी. या विषयातला माझा अनुभव दांडगा असल्याने त्यांना संशय आला नाही. ते फक्त मलूल होत गेले. एकदा म्हणाले, “पूल राहू दे रे. आत जी माणसं अडकलीत त्यांचं काय? तो भालदार? जेवली का ती? चूल कोणी बघतंय का?” मी मोरीत जाऊन न सांगता सगळ्यांच्या कपबश्या विसळल्या.

कागदावर पुन्हा मांडा की, असं सुचवणारे शहाणे भेटतात. मांडलं होतं. ग्रंथपालबाईंनी खानावळीचा सुंदर नकाशा काढून नानांच्या हातात दिला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला, “चांगली आहे,” म्हणाले, “कोणाची?” आणि परत दिला.

त्या रात्री जेवणं झाल्यावर बायको समोर येऊन उभी राहिली. “माझ्या बापाची खानावळ घालवलीत तुम्ही,” ती म्हणाली. पोरखेळ म्हणणारी हीच बाई. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तिच्या दाव्यात मला एकही त्रुटी सापडेना.

मग मी कामाला लागलो. नाकारणाऱ्याला नाकारणाऱ्याचीच भाषा कळते. मी वारसाचा दावा केला : मयताने नानांच्या खानावळीत वर्षानुवर्षं उधारीवर जेवण घेतलेलं असल्याने बुटका हा पहिला हक्कदार आहे. कंपनीने तत्त्वतः मान्य केलं. अट एकच घातली : मयताला ओळखणाऱ्या तीन विश्वासार्ह व्यक्तींच्या साक्षी या महिनाअखेर पोचाव्यात, अन्यथा जग निष्क्रिय समजून पुसण्यात येईल.

माझी साक्ष चालत नाही, मी मयत आहे. नानांची चालत नाही, ते वारस आहेत. दंतवैद्यांची चालत नाही, ते मारेकरी आहेत. ग्रंथपालबाईंनी आपली साक्ष दिली. दुसरी बायकोने दिली. ती मी पाठवण्याआधी वाचली. ‘मयत महामांत्रिकांना मी दर रविवारी चहा देत असे. साखर दोन चमचे. सल्ला देण्याची खोड होती. हट्टी होते, पण मनाने वाईट नव्हते. त्यांच्या मागे माझ्या वडिलांचं जे काही आहे ते त्यांना परत मिळावं.’ माझ्याविषयी भूतकाळात का होईना, इतकं चांगलं तिने प्रथमच लिहिलं. मी ते दोनदा वाचलं.

तिसरा साक्षीदार मिळेना. शेजारी म्हणाले, आम्ही अशा भानगडीत पडत नाही. ऑफिसातला सहकारी म्हणाला, आधी अटी दाखवा. (चांगला माणूस आहे, वर जाईल.) शेवटी ज्याने महामांत्रिकाला जवळून पाहिलं आहे, त्याचं वय, पत्ता, चहातली साखर आणि मरणाची तऱ्हा सगळं ज्याला ठाऊक आहे, असा एकच माणूस उरला, आणि तो या क्षणी हे वाचतो आहे.

तुमची साक्ष मी पाठवली. इथवर वाचत आलात ती संमती धरली आहे. कालच कंपनीचं उत्तर आलं : साक्षी ग्राह्य, सील निघालं. नानांना सांगितलं, पूल सुरू झाला. त्यांनी ताटलीत फासा टाकला आणि आतून एवढ्या मोठ्याने ओरडले की बायकोच्या हातातला कप पडला.

एक बारीकशी बाब राहिली. साक्षीदार सदस्य असावा लागतो, आणि नसेल तर साक्ष देताच त्याला सदस्य करण्यात येतं. अर्ज भरायची वेळ आली तेव्हा रविवारची संध्याकाळ होती आणि सगळे टेबलाशी होते, त्यामुळे तुमचं खरं नाव घालता आलं नाही. वय सहाशे बाराच लिहिलं आहे, पत्ता पुलापलीकडची खानावळ, कोपऱ्यातलं टेबल. अटी मी तुमच्या वतीने मान्य केल्या. नाना तुमच्या जेवणाचं बघतील, त्यात ते कमी पडणार नाहीत. फक्त येत्या रविवारी जरा खाली वाकून बसा. अजगर अजून जिवंत आहे, आणि दंतवैद्यांनी नवी कुऱ्हाड घेतली आहे.